भागकोशाची किल्ली व इतर किरकोळ मिळकत

मी, खाली सही करणारी, धंद्याने शिलाई मशीन दुरुस्त करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, लहानथोरांची मशीनमावशी, आज चहा घेऊन, चष्मा पुसून, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने हे लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायचा प्रयत्न पुष्कळांनी केला, पण प्रत्येकाने आपापल्या दिशेला ओढले, त्यामुळे मी होते तिथेच राहिले. मला काही झालेलेही नाही. गुडघे कुरकुरतात, एवढेच. उलट गेला महिना इतका धमाल गेला की लग्नाच्या वर्षीसुद्धा मी अशी हवेत नव्हते. अक्षर हलले असेल तर ते म्हातारपणाने नव्हे, आनंदाने हलले आहे, हे वाचणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

कलम १. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे व त्यांचे मसुदे रद्द समजावेत. मसुदे पुष्कळ आहेत आणि ते जगातल्या कोणालाही सापडतील, कारण मी स्वतःच ते भागकोशाच्या चर्चापानावर टाकले होते. वकीलीणबाईंनी त्याबद्दल माझी जी हजेरी घेतली ती मी इथे लिहीत नाही, कारण कोर्टाचा कागद आहे.

कलम २. भागकोश म्हणजे काय, ते न्यायाधीश महाराजांना ठाऊक नसेल तर सांगते. घरातले यंत्र बंद पडते ते बहुतेक वेळा बोटाएवढ्या भागापायी. पंख्याचा बुश, कुकरचा वॉशर, मशीनची स्प्रिंग. कंपनी म्हणते, "तो भाग आता येत नाही, नवीन यंत्र घ्या." पण भलत्याच कंपनीचा भलताच भाग तिथे चपखल बसतो, आणि हे कोणातरी दुरुस्तीवाल्याला माहीत असते. अडचण अशी की ते त्याच्या एकट्याच्या डोक्यात असते, आणि तो गेला की डोके त्याच्याबरोबर जाते.

आमचे हे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. त्यांनी आणि मी मिळून इंटरनेटवर एक कोश उघडला. कोणता भाग कशाला बसतो ते कोणीही पाहावे, कोणीही लिहावे, फुकट. लिहिणाऱ्याने माप द्यायचे, फोटो द्यायचा, आणि स्वतः लावून पाहिला की नाही ते सांगायचे. प्रत्येक नोंदीमागे एक चर्चापान असते. खरा भागकोश तिथेच आहे. नोंद दोन ओळींची आणि भांडण वीस पानांचे.

भांडणाचा नियम ह्यांनी घालून दिला आणि आम्ही तो आजवर पाळला. मतदान नाही. ज्याला हरकत घ्यायची त्याने आधी समोरच्याची बाजू लिहायची, अशी की समोरच्याने म्हणावे, "हो, हेच म्हणतो मी." तोवर स्वतःचे तोंड उघडायचे नाही. सगळे बोलून झाले की सात दिवस थांबायचे. सात दिवसांत कोणी काही बोलले नाही तर ठरले. एकदा दोन वॉशरांची नोंद एक करावी की वेगवेगळी ठेवावी यावरून दोघांची जुंपली. नियमाप्रमाणे दोघांनी एकमेकांची बाजू इतकी छान लिहिली की दोघांनाही दुसऱ्याचे पटले, आणि मग दोघे बाजू बदलून नव्याने भांडायला बसले. अख्खा हिवाळा गेला. पण आज त्या वॉशरांबद्दल कोणाच्या मनात शंका नाही.

कलम ३. माझे राहते घर, खाली दुकान, वर दोन खोल्या व गच्ची, माझ्या एकुलत्या एका मुलाला द्यावे. मसुद्यात मी नुसते "घर" लिहिले होते. त्यावर पुस्तकवालीने, म्हणजे आमच्यातली जी वाचनालय चालवते आणि जिच्यापुढे स्वल्पविरामसुद्धा जपून टाकावा लागतो तिने, लिहिले, "घर म्हणजे गच्ची धरून की वगळून? जिन्याखालची खोली कोणाची? आधार द्यावा." मला टेप घेऊन गच्ची मोजावी लागली. जिन्याखालची खोली घरातच धरावी. तिथे आजवर भागकोशाचे मुख्य यंत्र घरघरत होते. आता ती रिकामी आहे. का ते पुढे येईलच.

कलम ४. बँकेतली शिल्लक सुनेला, एकटीला. कारण कोणी विचारू नये. विचारलेच तर, आमच्या घरच्यांत पक्कड वापरून जागच्या जागी ठेवणारी ती एकटीच आहे.

कलम ५. दुकानातली हत्यारे अशी. छोटे लेथ आणि त्याची सगळी कटरे सायकलवाल्याला, म्हणजे आमच्यातला जो सायकली दुरुस्त करतो त्याला. त्याने मागितले नव्हते. दुकानात आला की लेथवरून हात फिरवायचा आणि उगाच हवापाण्याच्या गप्पा मारायचा. माणसाने किती लाजावे यालाही काही सुमार असतो. बारीक पेचकसांचा संच, जो माझ्या वडिलांनी मला दिला होता, तो घड्याळकाकांना द्यायचा होता. हे गृहस्थ घड्याळे दुरुस्त करतात आणि एरवी माझ्या प्रत्येक म्हणण्यावर हरकत घेतात. तंबी द्यायला मी गेले तरी म्हणतील, "आधी माझी बाजू लिही." पण ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलीणबाईंनी सांगितले. मी काकांना फोन केला.

"पेचकस हवेत की सही करायचीय? दोन्ही नाही जमणार."

"म्हणजे माझ्याऐवजी दुसरं कोणी साक्षीला बसणार?"

"बसेल की. माणसांना काय तोटा."

"मुळीच नाही! तू शुद्धीवर आहेस हे सांगायला माझ्याइतका लायक माणूस आहे कोण? इतकी वर्षं तुझ्याशी भांडतोय, बेशुद्ध बाईशी भांडलो का मी?"

म्हणून पेचकसांचा संच पुस्तकवालीला. तिला त्याचा काही उपयोग नाही. पण ती तो जपेल आणि कोणी मागितला तर परतीची तारीख घालून देईल.

कलम ६. साखरतोंड्या या नावाने आम्ही ज्याला ओळखतो, जो सुटे भाग विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा माणूस आहे, त्याला माझ्या दुकानातला विजोड स्क्रूंचा डबा द्यावा. एकाही स्क्रूला दुसऱ्याचा जोड नाही. बसू दे जुळवत.

कलम ७. भागकोश, त्याच्या संकेतस्थळाचे नाव, मुख्य यंत्र आणि सर्व पासवर्ड, म्हणजे आम्ही ज्याला किल्ली म्हणतो ती. हेच कलम लिहिण्यासाठी मी बसले होते. बाकी सगळे नमनाला घडाभर तेल.

झाले असे. महिन्यापूर्वी मी वकीलीणबाईंकडे गेले आणि म्हणाले, "भागकोश सगळ्यांचा आहे, तेवढं लिहून टाका."

"सगळे म्हणजे कोण? त्यांची संस्था आहे? नोंदणी आहे?"

"संस्था करावी की नाही यावर आमची चर्चा चालू आहे."

"केव्हापासून?"

"नऊ वर्षं होतील."

त्यांनी पेन खाली ठेवले. "मावशी, नाव तुमच्या नावावर, यंत्र तुमच्या घरात. कायद्याने हा भागकोश तुमचा आहे. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर तो तुमच्या मुलाचा. त्याने ठेवला तर ठेवला, विकला तर विकला, बंद केला तर बंद."

घरी येऊन मुलाला सांगितले तर तो म्हणाला, "आई, ते कंपनीचे गृहस्थ मला भेटून गेलेत. विकत घ्यायला तयार आहेत. देऊन टाकू ना." गृहस्थ म्हणजे साखरतोंड्याच. त्याची कंपनी काय करणार ते मला पक्के ठाऊक होते. दाराला कुलूप लावणार, बघायचे पैसे घेणार, आणि "हा भाग कशालाच बसत नाही, नवीन यंत्र घ्या" असे ठोकून देणार. माझा पारा चढला. "मी अजून डोळे मिटले नाहीत आणि तू दुकान मांडून बसलास?" असे मी म्हणाले. तो निघून गेला. मुलगा शाळेत गणित शिकवतो. भांडत नाही, नुसता निघून जातो, आणि ते जास्त लागते.

मग मी तेच केले जे भागकोशातला कोणीही माणूस अडल्यावर करतो. मृत्युपत्राचा मसुदा चर्चापानावर टाकला आणि खाली लिहिले, "कलम ७ रिकामे आहे. किल्ली कोणाला द्यावी? सूचना द्याव्यात."

वकीलीणबाई धावत आल्या. "मावशी, मृत्युपत्र ही झाकून ठेवायची गोष्ट असते!"

"झाकून ठेवली तर चुका कोण काढणार?"

"तुम्ही गेल्यावर काढतात ना लोक!"

"तेव्हा दुरुस्त कोण करणार?"

त्या खुर्चीत बसल्या आणि पाणी मागितले. मग म्हणाल्या, शेवटची प्रत तरी एकटीने, स्वतःच्या हाताने लिहा, नाहीतर कोर्टात कोणीही उठून म्हणेल की हे गावाने लिहिले. ते मी आज करते आहे.

पण काय सांगू, ते पान कसे पेटले! वर्षानुवर्षे न दिसलेली माणसे परत आली. जहाजावरचा एक मिस्त्री आमच्याशी फाटल्यामुळे रुसून गेला होता, त्याने कुठल्याशा बंदरातून लिहिले, "मावशीला काही झालेलं नाही ना? मग ठीक. आता कलम ५ मधल्या लेथचं माप चुकलंय." मी गॅसवर दूध ठेवून पान उघडावे आणि दूध उतू जावे, असे चार वेळा झाले. किल्ली कोणी म्हणे पुस्तकवालीला द्या, पुस्तकवाली म्हणे एका माणसाकडे नकोच. संस्थाच करा म्हटले की घड्याळकाकांची ती नऊ वर्षांची हरकत उभीच होती. संस्था आली की खुर्ची आली, खुर्ची आली की तंटा आला.

या गदारोळात एका सकाळी नवीन सभासद आला. नाव लिहिले होते, मुलगा. त्याने लिहिले, "माझ्या आईचं मृत्युपत्र हा तुमच्या चर्चेचा विषय नाही. माझी सक्त हरकत आहे."

पुस्तकवालीने लगेच खाली लिहिले, "स्वागत आहे. नियम वाचावेत. आधी समोरच्याची बाजू."

मला फोन आला. "आई, ही काय माणसं आहेत!"

"नियम तुझ्या बाबांचा आहे," मी म्हणाले. "लिही."

दोन दिवस काही नाही. मला वाटले, गेला निघून नेहमीसारखा. तिसऱ्या दिवशी त्याने लिहिले. ते मी जसेच्या तसे उतरवते, कारण माझ्याकडची सगळ्यात मोठी मिळकत तीच आहे.

"आईचं म्हणणं असं. यंत्र बंद पडलं की माणसाला वाटतं, आपलंच नशीब फुटकं. तेव्हा कोणीतरी सांगायला हवं, की बाबा रे, अस्संच माझ्याकडे बंद पडलं होतं आणि मी ते चालू केलं. हे सांगायचे पैसे घ्यायचे नसतात. बाबा गेले तेव्हा आई दिवसभर दुकानात नुसती बसून असायची. रोज कोणीतरी अनोळखी माणूस तिला एखाद्या स्प्रिंगबद्दल विचारायचा आणि त्याला उत्तर द्यायला म्हणून ती उठायची. मी तेव्हा घरात होतो. माझ्यासाठी ती उठली नाही, त्यांच्यासाठी उठली. म्हणून तिला हे विकवत नाही."

मी ढसाढसा रडले. हे सगळे त्याने पाहिले होते, आणि मला वाटायचे त्याचे लक्षच नाही. मग डोळे पुसून खाली लिहिले, "एक दुरुस्ती. मी दुकानात बसत नव्हते, जिन्यात बसत होते. बाकी, हो, हेच म्हणते मी."

आता पाळी माझी. त्याची बाजू मला लिहायची होती. पहिल्यांदा लिहिले, "त्याला पैसे हवे आहेत." खाली उत्तर आले, "नाही." दुसऱ्यांदा लिहिले, "त्याला कटकट नको आहे." उत्तर आले, "जवळ आलीस." शंभर मशीनचे आवाज नुसत्या कानाने ओळखणारी बाई मी, पोटच्या पोराला काय होते आहे ते ओळखता येईना! सुनेला विचारले तर म्हणाली, "नियमात बसत नाही, सासूबाई. तुमचं तुम्हीच शोधा." चांगली तयार झाली आहे.

शेवटी मी लिहिले, "त्याला भीती वाटते. बापाने केलेली आणि आईने जपलेली गोष्ट आपल्या हातात आल्यावर बंद पडली तर? विकली तर निदान आपल्या हातून गेली नाही असं म्हणता येईल. लहानपणापासून आमच्या घरात सतत कोणाचं तरी काहीतरी मोडलेलं असायचं आणि आम्ही दोघं त्याच्यात डोकं घालून बसायचो. त्याने कधी तक्रार केली नाही. आणि आम्ही त्याला कधी विचारलं नाही की तुला हे हवंय का."

मग उत्तर आले, "हो. हेच."

त्यानंतर जे झाले त्यावर माझा अजून विश्वास बसत नाही. घड्याळकाकांनी लिहिले, "माझी हरकत मी मागे घेतो." सगळ्यांनी पान दोनदोनदा उघडून पाहिले. खाली कारण होते. "मी म्हणत होतो, संस्था केली की खुर्ची येईल. पण खुर्ची आजही आहेच. मावशी तिच्यावर बसलीय, आणि आता आपण त्या बिचाऱ्या पोराला त्याच्या मनाविरुद्ध तिच्यावर बसवायला निघालोय. असली खुर्ची तर त्याहून वाईट."

मला आधी रागच आला. मी, आणि खुर्चीवर? मग मान्य करावे लागले की म्हातारा खरे बोलतो आहे.

पुढचे सात दिवस! पान गप्प आणि आमचा जीव टांगणीला. आमच्याकडे एखाद्या वॉशरवर कोणी सात दिवस गप्प बसत नाही, आणि इथे संस्थेचा प्रश्न. सातव्या दिवशी जहाजवाल्याचे नाव चमकले. आता हा काय काढतो! त्याने लिहिले होते, "समुद्रात नेट नव्हतं. मान्य."

मी स्वयंपाकघरात एकटीने टाळ्या वाजवल्या. शेजारीण विचारायला आली.

तर संस्था झाली. आज सकाळी वकीलीणबाईंच्या कचेरीत संकेतस्थळाचे नाव संस्थेच्या नावावर गेले. पासवर्ड सगळे बदलले, नवे मला सांगितले नाहीत, आणि सांगू नयेत असेच ठरले होते. मुख्य यंत्र सायकलवाला आणि माझा मुलगा दोघांनी उचलून वाचनालयात नेऊन ठेवले. जिन्यात त्यांचे "इकडून धर, अरे इकडून" ऐकत मी वर उभी होते. मला वाटले होते वाईट वाटेल. छे! इतके हलके वाटले की दोन-दोन पायऱ्या उतराव्यात.

म्हणून कलम ७ प्रमाणे कोणालाही काहीही द्यायचे नाही. भागकोश माझा नाही. माझ्या मुलाला तो वारशाने मिळणार नाही, तो त्यातून मोकळा झाला आहे, आणि याबाबत त्याला कोणीही, अगदी घड्याळकाकांनीही, कधी बोल लावू नये.

कलम ८. माझ्यामागे कोणी दोन मिनिटे शांत उभे राहू नये. शांतता म्हणजे आमच्यात संमती. माझ्या जाण्याला कोणाची संमती नसावी, अशी माझी इच्छा आहे.

इथे खरे तर सही करायची होती. पण लिहिता लिहिता चहा हातावर सांडला म्हणून हात धुवायला उठले, आणि येता येता भागकोश उघडला. किल्ली गेल्यावरची साधी सभासद म्हणून माझी पहिली नोंद मी दुपारी केली होती. आमच्या मिक्सरच्या कपलरची, म्हणजे भांडे मोटरीला जोडणाऱ्या दातेरी चकतीची. खालचा रबरी भाग झिजला तर जुन्या ज्यूसरचा बसतो, असे लिहिले होते. पाहते तर नोंद गायब! आजवर माझ्याशी भांडले सगळे, पण किल्लीवालीची नोंद परस्पर काढून टाकायची हिंमत कोणी केली नव्हती. कारण लिहिले होते, "लावून पाहिला. बसत नाही. दात एक कमी आहे. फोटो जोडला आहे."

खाली नाव होते, मुलगा.

फोटोत त्याच्या घरचा मिक्सर उलटा करून ठेवला आहे, आणि कपलर धरलेला त्याचा हात आहे. नखांपर्यंत काळा झालेला. त्याला कोणी सांगितले नव्हते, त्याच्यावर आता कसली जबाबदारीही नाही. तरी शाळेतून आल्यावर हा पोरगा स्वतःहून मिक्सर खोलून बसला.

मी तो फोटो मोठा करून करून पाहिला. दात एक कमी नाही, त्याने कपलर उलटा धरला आहे. माझी सक्त हरकत आहे. पण नियमाप्रमाणे आधी त्याची बाजू लिहायला हवी, आणि तो तिकडे वाट पाहत असेल, म्हणून हे मृत्युपत्र इथे पुरे करते.

लिहून ठेवणार : सही (मशीनमावशी)

साक्षीदार पहिला : सही (घड्याळकाका). माझ्यासमक्ष सही केली. मला या दस्तातून काहीही मिळत नाही, हे नमूद करावे.

साक्षीदार दुसरी : सही (घरच्या डॉक्टरीणबाई). लिहिणारी व्यक्ती पूर्ण शुद्धीवर आहे. नाडी जलद आहे. कारण विचारले असता "मुलाने माझी नोंद काढली" असे हसत सांगितले.

ठिकाण : दुकानाच्या वरचे स्वयंपाकघर
दिनांक : चौदा मार्च, संध्याकाळ